चिनी भाषिक विद्यार्थ्यांचं इंग्रजी लिसनिंग आणि रीडिंग कसं मोजतात? गाओकाओ, जीईपीटी आणि स्कोअरमागचं गणित

फोनवर इंग्रजी शिकवणारं एखादं ॲप उघडा. ते एक वाक्य ऐकवतं, तीन-चार पर्याय दाखवतं, आपण एकावर टॅप करतो. पंधरा मिनिटांनी स्क्रीनवर आकडा येतो: लिसनिंग ६२, रीडिंग ७१. आपण स्क्रीनशॉट काढतो आणि पुढे जातो. पण हा ६२ नक्की कशाचा आहे? कानाचा, वाचनाचा, स्मरणशक्तीचा की नशिबाचा?

हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे कुठे विचारला जात असेल तर चीन, तैवान आणि हाँगकाँगमध्ये. तिथे बारावीच्या वयाच्या लाखो मुलांचा कॉलेज प्रवेश इंग्रजीच्या गुणांवरही ठरतो. या लेखात आपण त्या परीक्षा कशा बनतात, कुठे चुकतात आणि चूक कशी पकडतात ते बघू. शेवटी तुमच्या फोनमधल्या स्कोअरकडे कसं बघायचं तेही येईल.

आधी एक बेसिक गोष्ट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्नियर कॅलिपर वापरताना सर आधी झिरो एरर काढायला लावायचे. पट्टीच चुकीची असेल तर मापही चुकीचंच येणार. परीक्षा हीसुद्धा एक मोजपट्टीच आहे. तिच्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे असतात.

विश्वासार्हता: त्याच मुलाने उद्या तशीच दुसरी परीक्षा दिली, तर साधारण तेवढेच गुण येतील का?

वैधता: जे मोजतोय असं आपण म्हणतो, तेच मोजलं जातंय का? लिसनिंगच्या परीक्षेत मूल नापास झालं ते ऐकून कळलं नाही म्हणून, की हॉलमधला स्पीकर खरखरत होता म्हणून?

पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

कुठे कोणती परीक्षा?

चीन: गाओकाओ. ही जूनमधली कॉलेज प्रवेश परीक्षा. अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेपरमध्ये इंग्रजी १५० गुणांचं, वेळ १२० मिनिटं. त्यात लिसनिंगचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, म्हणजे ३० गुण. पहिले ५ छोटे संवाद एकदाच ऐकवतात, बाकीचे ऑडिओ दोनदा. रीडिंगला ५० गुण: उताऱ्यांवरचे १५ प्रश्न अडीच-अडीच गुणांचे, आणि एक वेगळा प्रकार ज्यात उताऱ्यातल्या ५ रिकाम्या जागांसाठी ७ वाक्यं दिलेली असतात. त्यातली योग्य ५ निवडायची.

बीजिंग, शांघाय, ग्वांगडोंग. इथे वेगळी व्यवस्था आहे. बीजिंगमध्ये २०२१ च्या गाओकाओपासून लिसनिंग आणि स्पीकिंग मिळून ५० गुणांची परीक्षा कॉम्प्युटरवर हेडफोन लावून होते. वर्षात दोन संधी मिळतात आणि चांगला स्कोअर धरला जातो. ग्वांगडोंगने तर २०११ पासूनच कॉम्प्युटर आणला. शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते.

तैवान: जीईपीटी. एलटीटीसी या संस्थेने २००० साली सुरू केलेली ही परीक्षा पाच पातळ्यांची आहे. मधली, म्हणजे इंटरमीजिएट पातळी साधारण हायस्कूल संपवलेल्या मुलासाठी. लिसनिंग आणि रीडिंग प्रत्येकी १२० गुणांचं. पास व्हायला दोन्ही मिळून १६० हवेत, आणि कुठल्याही एकात ७२ पेक्षा कमी चालत नाही. शिवाय तैवानमध्ये कॉलेज प्रवेशासाठी हायस्कूलची स्वतंत्र लिसनिंग परीक्षा आहे. तिचा निकाल गुणांत येत नाही, ए, बी, सी आणि एफ अशा श्रेणींत येतो.

हाँगकाँग: एचकेडीएसई. २०१२ पासूनची परीक्षा. लिसनिंगच्या पेपरला एकूण इंग्रजीच्या ३० टक्के वजन आहे. त्यात नुसतं ऐकून टिक करायचं नसतं. ऐकलेलं आणि सोबतच्या कागदांत वाचलेलं एकत्र करून ईमेल, रिपोर्ट वगैरे लिहायचं असतं. एक भाग सगळ्यांना सक्तीचा, दुसऱ्यात सोपा किंवा कठीण पर्याय विद्यार्थी निवडतो. सोपा घेतला तर वरच्या श्रेणी मिळूच शकत नाहीत.

चिनी भाषिक मुलाला इंग्रजी कुठे अडतं?

चांगली परीक्षा बनवायची तर मुलं कुठे अडतात ते माहीत हवं. काही ठरलेल्या जागा आहेत.

१. शब्दाचा शेवट. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी येणारी व्यंजनं अगदी थोडी, मुख्यतः 'न' आणि 'ङ'. त्यामुळे इंग्रजीत 'वॉक' आणि 'वॉक्ट' यातला शेवटचा 'ट' कानाला पटकन लागत नाही. त्यात मँडरिन क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणजे त्या जागी काही ऐकायची सवयच नसते. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये शेवटी प, ट, क येतात, पण ते तोंडातच अडकल्यासारखे उच्चारले जातात.

२. तो आणि ती. बोलताना मँडरिनमध्ये दोघांसाठी एकच उच्चार, 'था'. लिहिताना चिन्हं वेगळी. त्यामुळे इंग्रजी संवादात 'ही' कोण आणि 'शी' कोण हे पकडायला जास्त लक्ष द्यावं लागतं. मराठी मुलाला हा त्रास नाही.

३. मोठे आकडे. चिनीत मोजणी दहा हजाराच्या गटाने होते, त्या गटाला 'वान' म्हणतात. 'थ्री हंड्रेड थाउजंड' ऐकलं की मनात '३० वान' करावं लागतं. आपणही तेच ऐकून 'तीन लाख' करतोच की. तेवढ्या दोन सेकंदांत पुढचं वाक्य निघून जातं.

४. वाक्याची रचना. 'द बुक आय रेड' हे चिनीत जवळजवळ आपल्या 'मी वाचलेलं पुस्तक' सारखंच असतं: वर्णन आधी, नाम नंतर. इंग्रजीत उलटं. लांब वाक्यात, विशेषतः वाचताना, मूळ नाम कोणतं हे शोधण्यात वेळ जातो.

५. शब्दांमधली जागा. चिनी मजकुरात शब्दांमध्ये स्पेस नसते आणि लिपी चिन्हांची असते. चीनमध्ये पिनयिनमुळे रोमन अक्षरं मुलांना लहानपणापासून माहीत असतात, पण लांबलचक इंग्रजी मजकूर झरझर वाचायचा वेग सरावानेच येतो.

चांगला प्रश्न कसा बनतो?

एक नमुना बघू. ऑडिओमध्ये बाई म्हणते की ट्रेन सव्वाआठची आहे, पण आज दहा मिनिटं लेट आहे. प्रश्न: ट्रेन किती वाजता सुटेल? पर्याय: ८:०५, ८:१५, ८:२५.

बरोबर उत्तर ८:२५. पण बाकीचे दोन पर्याय उगाच टाकलेले नाहीत. ८:१५ निवडणाऱ्याने फक्त आकडा ऐकला, वाक्य नाही. ८:०५ निवडणाऱ्याला दहा मिनिटं ऐकू आली, पण 'लेट' निसटलं. म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा शिक्षकाला काहीतरी सांगून जातं. अशा फसव्या पर्यायांना डिस्ट्रॅक्टर म्हणतात. ते लिहिणं हे पेपर काढणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम.

रीडिंगमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते. उतारा झाकून फक्त प्रश्न आणि पर्याय वाचा. तरी उत्तर येतंय? मग तो प्रश्न वाचन मोजत नाही, जनरल नॉलेज मोजतो. सात वाक्यांतून पाच निवडायच्या प्रश्नात हे सोपं नसतं. तिथे आधीच्या वाक्यातला 'धिस' कशाला उद्देशून आहे, 'हाउएव्हर' नंतर काय यायला हवं, हे धागे पकडावे लागतात.

प्रश्न चांगला की वाईट, हे आकड्यांत

समजा १००० मुलांनी एक प्रश्न सोडवला आणि ६०० जणांचा बरोबर आला. त्याची काठिण्य पातळी ०.६. पण एवढं पुरत नाही. आता एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुलं घ्या, म्हणजे दोन्हीकडे २७० जण. वरच्यांपैकी २१६ जणांचं आणि खालच्यांपैकी ८१ जणांचं उत्तर बरोबर असेल, तर फरक १३५. भागिले २७०, उत्तर ०.५. याला डिस्क्रिमिनेशन इंडेक्स म्हणतात. ०.५ म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना नीट वेगळं करतोय.

हाच आकडा उणे आला तर? म्हणजे कच्च्या मुलांना येतोय आणि हुशार मुलांचा चुकतोय. बहुतेक वेळा उत्तरपत्रिकेची कीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. कोडमध्ये एखादा टेस्ट केस चालू फीचरलाच फेल दाखवायला लागला, तर आधी टेस्ट केस तपासतो ना, तसंच.

आता अंदाजाचं बघा. गाओकाओच्या लिसनिंगमध्ये प्रत्येक प्रश्नाला तीनच पर्याय. कानात बोळे घालून बसलेल्या मुलालाही सरासरी २० पैकी जवळपास ७ बरोबर येतील, म्हणजे ३० पैकी साधारण १० गुण फुकट. म्हणून १० आणि १२ गुणांतला फरक फारसा बोलका नसतो. २२ आणि २८ मधला असतो.

लिसनिंगमध्ये घुसलेल्या नको त्या गोष्टी

लिसनिंगचे प्रश्न आणि पर्याय इंग्रजीत छापलेले असतात. ऑडिओ सुरू व्हायच्या आधी ते वाचायला काही सेकंद मिळतात. म्हणजे ज्याचा वाचनाचा वेग कमी, त्याचे लिसनिंगचेही गुण जातात. ऑडिओ एकदाच ऐकवला तर स्मरणशक्ती आणि घबराटही मोजली जाते. दोनदा ऐकवला तर प्रत्यक्ष बोलण्यापासून आपण थोडे लांब जातो, कारण रस्त्यात कोणी आपल्यासाठी वाक्य रिवाइंड करत नाही. दोन्हीचं मिश्रण ठेवायचं कारण हेच.

आणि मग यंत्रणा. हाँगकाँगमध्ये कित्येक वर्षं मुलं परीक्षेला स्वतःचा एफएम रेडिओ आणि इअरफोन घेऊन जायची. ऑडिओ सरकारी रेडिओवरून प्रसारित व्हायचा. ज्याला सिग्नल नीट येत नसे त्याच्यासाठी वेगळी खोली ठेवलेली असायची. विचार करा, सेल संपला म्हणून इंग्रजी कच्चं ठरलं तर! कॉम्प्युटर आणि हेडफोनवर परीक्षा घेतली की शेवटच्या बाकावरच्या मुलाला पहिल्या बाकाएवढाच आवाज मिळतो. पण मग प्रत्येक केंद्रावर चांगले हेडफोन आणि मशीन लागतात, आणि ते खेड्यातल्या शाळेला शहराइतकं सोपं नसतं. म्हणूनच चीनमधल्या काही प्रांतांत लिसनिंगचे गुण अंतिम बेरजेत धरलेच जात नव्हते.

दोन परीक्षा, एकच मोजपट्टी? झेजियांगचं प्रकरण

वर्षातून दोनदा परीक्षा घेतली की मुलांवरचा ताण कमी होतो. पण एक नवा प्रश्न येतो: दोन्ही पेपर सारखेच कठीण होते का?

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात गाओकाओचा इंग्रजी पेपर आधीच्या पेपरपेक्षा कठीण गेला. बरोबरी साधण्यासाठी अधिकाऱ्यांनी पेपर झाल्यानंतर काही प्रश्नांचे गुण वेगळं वजन देऊन वाढवले. निकाल लागल्यावर पालक भडकले. कारण वजन दिलेले प्रश्न ज्याला आले त्याला फायदा, आणि ज्याने दुसऱ्या भागात मेहनत केली तो मागे. शेवटी प्रांत सरकारने चौकशी केली, हे वजन रद्द केलं आणि मुलांना मूळ गुण परत दिले.

अधिकाऱ्यांनी सोडवायला घेतलेला प्रश्न खरा होता. पद्धत चुकली. कठीण पेपर आणि सोपा पेपर एका पट्टीवर आणायला इक्वेटिंग लागतं. त्यात दोन्ही पेपरांमध्ये काही समान प्रश्न ठेवतात किंवा प्रश्नांची पातळी आधीच तपासून ठेवतात, आणि नियम परीक्षेआधी जाहीर करतात. आपल्याकडे एमएचटी-सीईटी अनेक शिफ्टमध्ये होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, तोही याच अडचणीवरचा एक उपाय. गुण बदलण्याचा नियम निकालानंतर ठरला, तर गणित कितीही बरोबर असो, विश्वास उडतो.

फोनमधल्या स्कोअरकडे कसं बघायचं?

डुओलिंगो इंग्लिश टेस्टसारख्या परीक्षा ॲडॅप्टिव्ह असतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. त्यामुळे कमी प्रश्नांत पातळी कळते. पण पट्टीचे नियम तेच राहतात. स्कोअर आला की एवढं तपासा:

– किती प्रश्न होते? दहा प्रश्नांच्या क्विझवरून पातळी ठरवू नका.
– पर्याय किती? तीन असतील तर अंदाजाने एक तृतीयांश येतातच.
– ऑडिओ किती वेळा ऐकला? चार वेळा रिप्ले करून मिळालेला ६२ आणि एकदाच ऐकून मिळालेला ६२ वेगळे.
– हेडफोन होते की बसमध्ये फोनच्या स्पीकरवर ऐकलं?
– कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकले? आकडे, काळ, की कोण काय म्हणालं? पुढचा सराव यातूनच ठरतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लिसनिंग आणि रीडिंगचे गुण एकत्र करून एकच स्कोअर दिला तर? चालतो, पण माहिती हरवते. रीडिंग ११० आणि लिसनिंग ६० असलेल्या मुलाची बेरीज १७०. जीईपीटीत बेरजेने तो पास, पण ७२ च्या अटीमुळे नापास. ती अट यासाठीच आहे.

चीनमध्ये सगळ्या परीक्षांना एक पट्टी आहे का? २०१८ मध्ये चीनने इंग्रजी क्षमतेची ९ पातळ्यांची राष्ट्रीय पट्टी जाहीर केली. प्रत्येक पातळीवर माणूस काय ऐकून समजू शकतो, काय वाचू शकतो याचं वर्णन त्यात आहे.

मग ६२ म्हणजे चांगलं की वाईट? पट्टी माहीत नसेल तर दोन्ही नाही. त्याच पट्टीवर, त्याच परिस्थितीत, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तेव्हा जो फरक दिसेल, तो तुमचा.