राणीच्या बागेतील झाडे

राणीच्या बागेत जायचे ते वाघ-अस्वले पाहायला, अशी आपल्या घरोघरची समजूत. पण मुंबईच्या भायखळ्याची ही बाग मूळची झाडांची. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ती उभारली आणि १८६२ साली गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती खुली झाली. पिंजरे मागाहून आले. म्हणून यंदा मी सबंध दिवस पिंजऱ्यांकडे न वळता झाडांच्या सावलीने रमतगमत हिंडलो.

गंमत अशी, की इथले बहुतेक वैभव बाहेरून आलेले. सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. तिथे पुढे दफनभूमी झाली. संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती घारापुरीचा. १८६४ साली त्याला विलायतेस नेऊ लागले, तो उचलतानाच फुटला. मग तुकडे सांधून इथे उभा केला. १९६५ साली काळा घोडा आला, २०१६ साली सोलहून पेंग्विन आले.

झाडांचेही तेच. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी ब्रह्मदेशची. फरक एवढाच, की हत्ती सांधता येतो, घोडा हलवता येतो, बागेचे नावही बदलता येते. शंभर वर्षांचा वृक्ष मात्र पुन्हा उभा करता येत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्याविरुद्ध २००७ नंतर काही मुंबईकर झाडांसाठी भांडले, ते याचसाठी.

मुलांना वाघ जरूर दाखवा. पण एखाद्या बुंध्याशी घटकाभर टेकून त्या झाडाचे नाव-गावही सांगा.