गिळण्यातील अडथळा : आहार व पुनर्वसन (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

घास किंवा घोट तोंडातून जठरापर्यंत सुरक्षितपणे आणि पुरेशा प्रमाणात न पोहोचण्याच्या अवस्थेला गिळण्यातील अडथळा म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत तिला डिस्फेजिया असे नाव आहे. हा स्वतंत्र रोग नव्हे. अर्धांगवायू, कंपवात, सेरेब्रल पाल्सी, डोक्याची इजा, तोंडाचा व घशाचा कर्करोग आणि त्यावरील शस्त्रक्रिया वा किरणोपचार, तसेच वार्धक्यातील स्नायूंची झीज अशा अनेक कारणांतून तो उद्भवतो. ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दातांना मिश्री लावण्याची सवय आहे आणि गुटख्याच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते. त्यामुळे येथे या अवस्थेच्या कारणांत तंबाखूचा वाटा मोठा आहे. मण्यार किंवा नागाच्या दंशानंतर पापण्या जड होऊन लाळ गिळता येईनाशी झाली, तर ते विष मज्जासंस्थेत भिनल्याचे लक्षण असते. अशा रुग्णाला तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालयात नेणे एवढेच करावयाचे असते.

गिळताना घशातील टप्पा जेमतेम एका सेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. यांतील एखादी क्रिया उशिरा झाली, तर अन्नकण श्वासनलिकेत उतरतात. ठसका लागणे, गिळल्यावर आवाज ओला व घोगरा होणे, गालात अन्न साठून राहणे, जेवण फार वेळ लांबणे आणि वारंवार ताप येणे ही त्याची लक्षणे होत; परंतु संवेदना मंदावलेल्या रुग्णांत ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाते. म्हणून अर्धांगवायूच्या रुग्णाला, गिळण्याची प्राथमिक तपासणी होईपर्यंत, पाणी, चहा किंवा गोळीही देऊ नये. शुद्ध हरपू लागलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडण्याची घरोघरची रीत मायेपोटी आलेली असली, तरी ती घातक आहे आणि ती थांबणे अत्यंत आवश्यक आहे.

उपचाराला दोन बाजू असतात : अन्न वाट चुकू नये आणि शरीर उपाशी राहू नये. केवळ पहिल्या बाजूकडे लक्ष दिले की रुग्ण ठसक्यापासून वाचतो, पण खंगत जातो. प्रौढ रुग्णाला सामान्यतः दररोज प्रतिकिलो वजनास २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, मात्र मूत्रपिंडाच्या विकारात हे प्रमाण वैद्याने ठरवावे लागते. अनेक दिवस उपाशी असलेल्या व्यक्तीस एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक रीतीने घटते. म्हणून प्रारंभ कमी आहाराने करून मात्रा हळूहळू वाढवतात.

अन्नाचा दाटपणा व मऊपणा मोजण्यासाठी इड्डसी ही आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते. तीत पाण्यासारख्या पातळ द्रवासाठी ० आणि नेहमीच्या अन्नासाठी ७ अशा एकूण ८ पायऱ्या आहेत. द्रवाची चाचणी १० मिलिलिटरच्या सिरिंजने होते. दट्ट्या काढून, खालचे टोक बोटाने बंद करून सिरिंज १० च्या रेषेपर्यंत भरायची, बोट सोडून १० सेकंद द्रव वाहू द्यायचा आणि मग किती उरले ते पाहायचे. १ ते ४ मिलिलिटर उरल्यास पहिली पायरी, ४ ते ८ उरल्यास दुसरी आणि ८ हून अधिक उरल्यास तिसरी समजावी. सर्व सिरिंजांची लांबी सारखी नसते. या चाचणीसाठी ० ते १० या खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावे लागते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याच्या एका टोकाला भात पिकवणारे सह्याद्रीतील अकोले, तर दुसऱ्या टोकाला ज्वारी-बाजरीवर जगणारे जामखेड, पाथर्डी, शेवगाव हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. त्यामुळे छापील आहारतक्ता सर्वांना सारखाच लागू पडत नाही. अकोल्यातील मऊ भात किंवा नाचणीची पेज थोड्या बदलाने चालते. भाकरी मात्र कोरडी, भुसभुशीत आणि घशात विखुरणारी असते आणि तिच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी त्याहूनही धोक्याची ठरते. दुधात कुस्करलेली भाकरी सुरक्षित वाटते, परंतु तीत पातळ दूध आणि न भिजलेले तुकडे एकत्र असल्याने दोन्ही प्रकारचा धोका एकाच घासात येतो. ती गरम दुधात पूर्ण भिजवून, घोटून, चाळणीतून काढून घ्यावी. चमच्यात घेतल्यावर कडेने दूध सुटू नये आणि चमचा तिरपा केला की सगळा घास एकसंध घसरावा. हुलग्याचे माडगे, घट्ट शिजवलेले मुगाचे वरण, गुठळ्या नसलेले पिठले आणि घोटलेला चक्का हे प्रथिनयुक्त पदार्थ अशा रीतीने सहज बसवता येतात. संगमनेर, राहाता, राहुरी या दूधदुभत्याच्या पट्ट्यात तर प्रथिनांचा प्रश्न पुष्कळसा घरच्या घरी सुटू शकतो.

पिठाने दाट केलेल्या पेजेचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो : लाळेतील विकरामुळे तिच्यातील पिष्ट पदार्थाचे विघटन होते, त्यामुळे उष्टा चमचा पुन्हा वाटीत बुडवला की उरलेली पेज हळूहळू पातळ होते. भरवण्यापुरती पेज वेगळी काढून घेणे हा त्यावरील साधा उपाय होय. दाट केलेले पाणी रुग्णाला आवडत नाही व तो कमी पितो; उन्हाळ्यात यामुळे शरीर शुष्क होते, म्हणून लघवीचे प्रमाण व रंग यांवर लक्ष ठेवावे.

रुग्णाला बाजेवर आडवे ठेवून भरवू नये. पाठ सरळ टेकवून बसवावे, अर्धा चमचा घास द्यावा आणि तो गिळला गेल्यावरच पुढचा द्यावा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे. अस्वच्छ तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो; म्हणून जो काहीच खात नाही त्याचेही दात, जीभ व टाळू दिवसातून दोनदा पुसणे आवश्यक असते.

तोंडावाटे पुरेसा आहार जात नसल्यास नाकातून जठरात नळी घालतात. ही गरज चार ते सहा आठवड्यांहून अधिक टिकणार असेल, तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याचा विचार केला जातो. नळी असणे म्हणजे गिळण्याचा प्रश्न संपणे नव्हे. घरी पाठवलेल्या रुग्णाची फेरतपासणी न झाल्याने, गिळण्याची शक्ती परत येऊनही नळी महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ जोर लावून गिळणे, हनुवटी छातीकडे झुकवणे, स्वरयंत्र क्षणभर वर धरून ठेवणे असे व्यायाम रुग्णाच्या दोषानुसार निवडतो. हनुवटी झुकवणे सर्वांनाच हितकारक नसल्याने ते ऐकीव माहितीवर करू नये. किरणोपचार घेणाऱ्यांनी हे व्यायाम उपचारापूर्वीच सुरू करावेत आणि शक्य असेल तोवर थोडे तरी तोंडाने खात राहावे, कारण न वापरलेले स्नायू लवकर आखडतात.

जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा संस्थेचे व विळद घाटातील विखे पाटील प्रतिष्ठानचे अशी वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये आहेत. परंतु रोजचे भरवणे सून, पत्नी किंवा मुलगी चुलीपाशीच करते आणि तिला शिकवणारे कोणी गावात असणे हे तज्ज्ञाच्या भेटीइतकेच मोलाचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. या कामासाठी या दोन्ही डॉक्टरांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सिरिंजची चाचणी, बसवण्याची रीत, तोंडाची निगा आणि धोक्याची लक्षणे ही कौशल्ये अशा सेविका व आशा कार्यकर्त्या निश्चित आत्मसात करू शकतात. लहान मुलांसाठी २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत दुभंगलेली टाळू व विकासातील विलंब हेरता येतो, त्यामुळे दूध ओढता न येणाऱ्या बाळापर्यंत मदत लवकर पोहोचू शकते.

अतिप्रगत स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढते असे आढळलेले नाही. तेथे रुग्णाला आवडेल ते, झेपेल तेवढे, जागेपणी व बसवून हाताने भरवणे ही पद्धत स्वीकारली जाते आणि तिचा निर्णय धोक्याची पूर्ण कल्पना देऊन कुटुंबासह घेतला जातो.