साष्टी बेटाची झाडे : भिंतीच्या फटीतून बोन्सायच्या कुंडीत

१/१०
अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही चारही उपनगरे एकाच बेटावर वसलेली आहेत. उष्ण प्रदेशातील बेटांवरच्या झाडांचे बोन्साय म्हटले की तैवान किंवा इंडोनेशिया आठवतो. परंतु साष्टी बेटाचीही स्वतःची झाडे आहेत. ती कोठे सापडतात आणि कोठून घेऊ नयेत, याचे उत्तर या बेटाच्या इतिहासात मिळते.

२/१०
उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, अशी साष्टीची सीमा. १५३४ मध्ये पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे आणि १७७४ मध्ये इंग्रज येथे सत्ताधीश झाले. १८०५ मध्ये शीवचा आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता झाला. १९५० व १९५७ च्या विस्तारांत ही उपनगरे मुंबईत आली आणि आपण बेटावर राहतो याचा विसर पडला.

३/१०
बोन्सायचे मूळ चीनमध्ये आहे. इ. स. ७०६ मधील राजपुत्र झांगहुआय याच्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकातील लहान झाडे घेऊन चाललेले सेवक दिसतात. पुढे जपानने ही कला जोपासली, ती प्रामुख्याने पाइन, मेपल अशा झाडांवर. या झाडांना हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. मुंबईत ती मिळत नाही, म्हणून ती येथे खंगतात.

४/१०
मग साष्टीचे झाड कोणते? वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक. ही सारी एकाच कुळातील. यांपैकी नांद्रुक हे तैवानमधील बोन्सायकारांचे अत्यंत आवडते झाड. तेच हवाई बेटांवर मात्र परके असून तेथे उपद्रवी ठरले आहे. ‘देशी’ हा शब्द झाडाला नव्हे, झाड आणि भूमी यांच्या नात्याला लागू पडतो.

५/१०
तांबट, बुलबुल, वटवाघळे ही फळे खातात आणि बी विष्ठेतून भिंतींवर पडते. चुन्याच्या जुन्या बांधकामातील फटींत ओल टिकते. पावसाळ्यात तेथेच अंकुर फुटतो. अरण्यात दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा कातळाच्या भेगेत रुजण्याची जी सवय, तीच शहरात उपयोगी पडते.

६/१०
साष्टीत अशा भिंतींची उणीव कधीच नव्हती. बोरिवलीच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चर्च केले. त्यावरच्या मठाचे अवशेष आजही उभे आहेत. अंधेरीच्या सीप्झ परिसरात जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले चर्च एकोणिसाव्या शतकात साथीनंतर ओस पडले. १८५३ मध्ये रेल्वे आली, तिच्यामागून दगडी कुंपणे, बंगले आणि चाळी आल्या.

७/१०
भिंतीवरचे रोप बोन्सायला सोयीचे असते. माती कमी मिळाल्याने ते ठेंगणे राहते, त्याची मुळे दगडाला बिलगून चपटी व जाड होतात. पावसाळ्याच्या आरंभी ते मुळांसह सोडवावे. विटांचे बारीक तुकडे, जाड रेती आणि थोडे शेणखत यांच्या मिश्रणात लावून काही आठवडे सावलीत ठेवावे. दमट हवेत वडाला पारंब्याही फुटतात.

८/१०
परंतु ‘जंगलातून आणले’ ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नाही. जपानीत डोंगरातून आणलेल्या झाडाला ‘यामादोरी’ म्हणतात. येथील डोंगर म्हणजे सुमारे १०४ चौ. किमी.चे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून रोप काढणे गुन्हा आहे. मंडपेश्वरसारख्या संरक्षित स्मारकालाही स्वतः हात लावू नये. मुळे ओढली की दगडही निखळतो.

९/१०
उरतात त्या पाडल्या जाणाऱ्या इमारती. पुनर्विकासात चाळीची भिंत कोसळते आणि तिच्यावर वर्षानुवर्षे तग धरलेला पिंपळ राडारोड्याबरोबर निघून जातो. मालकाची परवानगी घेऊन, आणि झाड मोठे असल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची अट पाळून, तो वाचवता येतो. पाडलेल्या चाळीची तेवढीच एक जिवंत खूण उरते.

१०/१०
दुसरी संधी ज्येष्ठ पौर्णिमेला येते. वटपौर्णिमेसाठी उपनगरांच्या बाजारांत वडाच्या फांद्या विकल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात पडतात. वडाची ताजी, अंगठ्याएवढी जाड फांदी पावसाळ्यात सहज मुळे धरते. त्यातल्या एकीलाच कुंडी मिळाली, तर पुढच्या वर्षी त्या घरातील पूजेसाठी वड तोडावा लागणार नाही.

#साष्टी #मुंबईचा_इतिहास #वामनवृक्ष