महामार्गावरच्या जुन्या बाजाराची कुळकथा

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या फेन्ट्रेस परगण्याचे कारभारी माइक वॉकर यांनी १९८७ साली एक युक्ती योजली. द्रुतगती मार्गांनी पळवून नेलेला प्रवासी पुन्हा गावागावांतून जाणाऱ्या १२७ क्रमांकाच्या जुन्या रस्त्याकडे वळावा, म्हणून त्या रस्त्यालगतच्या गृहस्थांनी ऑगस्टात आपापल्या अंगणात घरातील जुने सामान विक्रीस मांडावे, अशी ती युक्ती होती. आज हा बाजार मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांतून सुमारे ६९० मैल पसरतो, ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होऊन रविवारी उठतो, आणि अंगणाअंगणाशी थांबत तो पालथा घालणे हीच कित्येक कुटुंबांची वार्षिक यात्रा होऊन बसली आहे.

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघून, मोशीस इंद्रायणी ओलांडून, चाकणच्या चौकात तळेगावकडे वळणाऱ्या आणि महाळुंग्याच्या कारखान्यांमधून जाणाऱ्या प्रवाशास अशा बाजाराचे सगे शोभावे असे काहीतरी दिसते. ताडपत्रीच्या आडोशाला लोखंडी कॉटा, कूलर, गाद्या, टेबले, आणि लाकडी पॅलेटांच्या थप्प्या. पण हे साम्य वरवरचे आहे. दोन्हींचे गोत्र एक नाही.

आपल्याकडे घरातील चीजवस्तू दारात मांडून विकणे हे सुखवस्तूपणाचे नव्हे, तर दिवाळखोरीचे लक्षण मानले गेले. भांडीकुंडी विकायला काढली, एवढे म्हटले की त्या घराची सारी कथा ऐकणाऱ्यास कळे. जप्ती आणि हर्रास या दोन शब्दांची धास्ती कुळकायद्याच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी अनुभवली होती. म्हणूनच बोहारणीची संस्था रूढ झाली असावी, असे मला वाटते. ती जुनी लुगडी घेते, पण रोकड देत नाही, भांडे देते. आणि गृहिणीस, घासाघीस करून पातेल्यावर एक वाटी अधिक उकळल्यावरही, आपण काही विकले नाही असे निर्धास्तपणे म्हणता येते. तिने नेलेला कपडा पुढे कोणत्या बाजारात, कोणाच्या अंगावर गेला, याची चौकशी कोणतेही प्रतिष्ठित घर करीत नाही.

तेव्हा आपल्याकडील जुन्या मालाचा मूळ पुरुष गृहस्थाच्या अंगणात सापडायचा नाही. तो पेठेत शोधला पाहिजे. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तेथे कुलपे, नाणी, पितळी समया, पाने, बिघडलेले रेडिओ हे सारे जमिनीवर एकाच पंक्तीस बसते. या पेठेचे जुने नाव शाहिस्तापूर; ती वसवली शाहिस्तेखानाने. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने झुंजवून चाकणचा संग्रामदुर्ग ज्याच्या हवाली केला, तोच हा खान. एकाच मोगल सुभेदाराची सावली जुन्या बाजाराच्या पेठेवर आणि चाकणच्या किल्ल्यावर पडावी, हा इतिहासाचा निव्वळ योगायोग. त्यावरून काही सिद्ध करण्याचा माझा इरादा नाही.

महाळुंग्याच्या रस्त्यावरील मालाची खरी वंशावळ मात्र १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळापासून सुरू होते. पिंपरी-भोसरीनंतर चाकण परिसरात वसाहती झाल्या, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि देशोदेशींची यंत्रे व सुटे भाग लाकडी खोक्यांत बसून येथे येऊ लागले. यंत्र आत जाते, खोके बाहेर उरते. कारखान्याचा भंगार-ठेकेदार ते उचलतो, सुतार त्याच्या फळ्या सोडवतो, आणि आठवड्याभरात त्याचे टेबल, मांडणी किंवा देवघर होऊन ते रस्त्याकाठी उभे राहते. या व्यापाराचे मोठे आगर चिखली-कुदळवाडीस होते. तेथील भंगाराच्या गोदामांसह ४,००० हून अधिक बांधकामे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये अनधिकृत ठरवून पाडली.

गिऱ्हाईक कोण, हे पाहिले म्हणजे या बाजाराचे मर्म ध्यानी येते. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारातून कंत्राटावर आलेला तरुण एका पिशवीनिशी उतरतो, चौघांत खोली घेतो, आणि पहिल्या पगारातून कॉट व कूलर नेतो. कंत्राट संपले की तोच कूलर निम्म्या किमतीस त्याच दुकानात परत येतो. अमेरिकन गृहस्थ घरात फार साचले म्हणून विकतो. हा तरुण येथे घरच नाही म्हणून विकतो. दारात सामान मांडण्याची लाज त्याला नसते, कारण त्याचे दार गावाकडे राहिलेले असते. अंगणातील विक्रीचा धर्म आपल्याकडे कोणी पाळत असेल तर तो हा, हे माझे मत.

या रस्त्याने कोणी खरेदीस जाणार असेल, तर एक व्यावहारिक सूचना. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार परदेशातून येणाऱ्या खोक्यांच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का, देशाची दोन अक्षरे आणि किडीवरील उपचाराची खूण असते. रोमन लिपीतील ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास लाकूड केवळ उष्णतेने शुद्ध केलेले असते. ‘एमबी’ असल्यास त्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. फळीला रंध्याने तासण्यापूर्वीच हा शिक्का दाखवावयास सांगावा, आणि ‘एमबी’ची फळी पाळण्यासाठी वा स्वयंपाकघरासाठी घेऊ नये.