साक्षीदाराचा वकील कोण?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. हा उपदेश पक्षकारांसाठी खरा. पण साक्षीदारालाही तो कसा लागू पडतो, हे लंडनच्या एका जुन्या खटल्यात दिसून येते.

इ. स. १८४० च्या मे महिन्यात लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराचा राहत्या घरी गळा चिरून खून झाला. संशय आला तो कूर्व्हाझिए या त्याच्या स्विस खिजमतगारावर. जूनमध्ये खटला उभा राहिला. आरोपीचे वकीलपत्र चार्ल्स फिलिप्स या नामांकित आयरिश बॅरिस्टराकडे होते.

खटला चालू असतानाच मादाम पिओलेन ही लेस्टर प्लेसमधील हॉटेलवाली आपण होऊन पुढे आली. तिच्याकडे पूर्वी नोकरीस असलेल्या कूर्व्हाझिएने एक पुडके ठेवायला दिले होते. ते उघडले, तर आत रसेलच्या घरचे चांदीचे चमचे! ही वार्ता कळताच आरोपीने फिलिप्सजवळ गुन्हा कबूल केला. वर बजावले, ‘तरीही माझा बचाव तुम्ही केलाच पाहिजे.’

फिलिप्स हादरला. त्याने न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. पुराव्यातून निघणारा प्रत्येक रास्त मुद्दा मांडणे तुमचे कर्तव्यच आहे, असे उत्तर मिळाले. इथवर त्याला कोणी दोष देऊ नये. गुन्हा शाबीत करणे हे सरकारचे काम. आणि अशा गंभीर खटल्यांत आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याचा हक्कच मुळी १८३६ साली मिळालेला.

पण भाषणात तो तेवढ्यावर थांबला नाही. पोलिसांनी बक्षिसाच्या लोभाने पुरावा पेरला, असे त्याने सुचविले. मादाम पिओलेनच्या हॉटेलाच्या अब्रूवर शिंतोडे उडविले. ती बाई खरे बोलते आहे, हे त्या वेळी त्याला पक्के ठाऊक होते.

ज्यूरीने आरोपीला दोषी ठरविले. ६ जुलै रोजी न्यूगेटसमोर त्याला फाशी झाली. त्या गर्दीत डिकन्स आणि थॅकरेही होते. कबुलीची हकीकत बाहेर फुटली, तेव्हा वर्तमानपत्रांनी फिलिप्सवर झोड उठविली. १८४९ साली, म्हणजे नऊ वर्षांनीही, त्याला पत्रव्यवहार छापून आपली बाजू मांडावी लागली.

कायद्याचे एकही कलम त्याने मोडले नव्हते. आरोपीला वकील असतो, सरकारलाही असतो. वर्तमानपत्र वाचून, पदरचा वेळ मोडून खरे सांगायला आलेल्या बाईला मात्र त्या दालनात कोणीच नव्हते. तिची अब्रू राखणारा असलाच, तर तो एकच होता: समोरच्या वकिलाचा विवेक.