वेदनेचा दरवाजा

जुहू-पार्ल्याकडच्या फिजिओथेरपी केंद्रांत हातात मावेल एवढी एक पेटी दिसते. तिच्या वायरींची टोके पाठीवर चिकटवतात, बटण फिरवले की मुंग्या येतात, आणि दिवसभर फळ्यापुढे उभे राहून आखडलेली पाठ काही वेळ हलकी वाटते. पेटीचे नाव ‘टेन्स’. विजेने दुखणे का कमी व्हावे?

वेदनेचे जुने चित्र पाहिले तर याला उत्तर नाही. ते चित्र फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांचे. त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेणारा एक मुलगा आहे. दोरी ओढली की दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी पायातली इजा मेंदूत जाणवते. म्हणजे इजा जेवढी, वेदना तेवढी. यातून उलटा अर्थही निघतो आणि तो क्रूर आहे: इजा सापडली नाही तर वेदना खोटी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परतलेले रुग्ण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात घंटेऐवजी दरवाजा मांडला. स्पर्शाचे संदेश जाड चेतातंतूंतून सेकंदाला तीसेक मीटरहून अधिक वेगाने जातात. वेदनेच्या सर्वांत बारीक तंतूंचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. दोन्ही मेरुरज्जूत पोचतात, आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेदनेचा दरवाजा लोटला जातो. बाकावर कोपर आपटले की आपण ते चोळतो, ते याच कारणाने. मेंदूही वरून हा दरवाजा उघडू किंवा मिटू शकतो. (त्यांच्या आकृतीतल्या जोडण्यांचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले. कल्पना मात्र टिकली.)

१९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांच्या चेतांना सेकंदाला १०० विद्युत्स्पंद दिले. त्यांपैकी चौघांना दोन मिनिटांच्या उपचारानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. प्रयोग त्यांनी आधी स्वतःवरही करून पाहिला होता!

त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँडला थॉमस मॉर्टिमर हा जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा संशोधक विद्यार्थी, पुढे त्याच विषयाचा प्राध्यापक, शल्यविशारद नॉर्मन शीली यांच्याबरोबर काम करत होता. त्यांचा तर्क अभियंत्याचा होता: जाड तंतू मेरुरज्जूच्या मागच्या बाजूला एकत्र जातात, तर तिथेच विद्युद्‌अग्र का बसवू नये? फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका सत्तर वर्षांच्या रुग्णात ते बसवले. तो लवकरच दगावला, पण वेदना कमी झाली होती. पुढे अशी शस्त्रक्रिया कोणाला उपयोगी पडेल हे तपासायला शीली आधी त्वचेवरून वीज देऊन पाहत, आणि काहींना तेवढेच पुरे होई. ‘टेन्स’ची पेटी त्या वाटेने आली. ती सर्वांना लागू पडत नाही, आणि जुनाट दुखण्यात तिचा उपयोग किती, याचे पुरावे आजही ठाम नाहीत.

दरवाजापर्यंत संदेश पाठवणारी पेशीच बिघडली तर? या प्रश्नावरचे काम जुहूपासून फार दूर नाही, पवईच्या आय.आय.टी.त झाले. तिथले प्रा. रोहित मनचंदा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली मूत्राशयाची वेदना वाहणाऱ्या चेतापेशीचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्क्विडच्या चेतातंतूसाठी समीकरणे मांडली, त्याच परंपरेतले हे काम. त्या प्रारूपात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांची ये-जा करणाऱ्या मार्गिका आणि पंप धरून पेशीपटलातल्या बावीस यंत्रणा आहेत. पेशीत कॅल्शियम वाढले की उघडणाऱ्या पोटॅशियमच्या मार्गिका स्पंदांना लगाम घालतात. त्यांत मोठ्या मार्गिकांचा लगाम अधिक घट्ट असेल असे आपल्याला वाटेल. प्रारूपात उलट दिसले: लहान मार्गिकाच स्पंद जास्त आवरतात.

२०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचा विभाग आहे. इजा सापडो वा न सापडो, डॉक्टरला आता तिची वेगळी नोंद करता येते.