जवळची वाट

विश्रामबागेत बोलावयास उभे राहिले की गणिताचा विषय निघावा हे साहजिकच आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू होऊन पुढे वालचंदांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, ही दोन्ही याच परिसरातली. येथील तरुणांना आज प्रवेशपरीक्षांत चार पर्यायांतून उत्तर निवडावे लागते, तेही घड्याळाकडे डोळा ठेवून. म्हणून 'जवळची वाट' शिकविणाऱ्या पुस्तकांना मोठी मागणी आहे. जुन्या मंडळींना ही बीजगणिताची अवनती वाटते. आम्हांस मात्र या तक्रारीचा इतिहास तपासून पाहावासा वाटतो.

एक प्रश्न घेऊ. दोन संख्यांची वजाबाकी ८ आणि त्यांच्या वर्गांची वजाबाकी ४००. तर त्यांची बेरीज किती? साधा विद्यार्थी अक्षरे मांडून आधी दोन्ही संख्या काढू लागतो. चतुर विद्यार्थी ४०० ला ८ ने भागतो आणि ५० लिहून मोकळा होतो. ही चतुराई आजच्या शिकवणीवर्गांची नव्हे. हेच ८ आणि ४०० हे आकडे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त घातले आहेत. भागाकाराने बेरीज काढावी, मग ५० आणि ८ यांची बेरीज व वजाबाकी निम्मी करावी, म्हणजे २९ आणि २१ हाती येतात. या दुसऱ्या पायरीला त्यांनी 'संक्रमण' म्हटले.

तथापि भास्कराचार्य सूत्रांवर थांबले नाहीत. बीजगणिताचे खरे बीज अक्षरांत नसून बुद्धीत आहे, असा त्यांचा अभिप्राय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी खानदेशात पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पुढे १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, आणि तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. नियम का खरा, हे सांगण्याची परंपरा आपल्याकडे होती ती अशी.

आता तोच प्रश्न जरा बदला. वजाबाकी ८ च ठेवा, पण वर्गांची बेरीज १२८२ द्या. ज्याने युक्ती नुसती घोकली तो येथेही ८ ने भागील आणि फसेल. ज्याला बेरीज आणि वजाबाकी यांच्या वर्गांचे नाते ठाऊक आहे, तो १२८२ ची दुप्पट करील, तीतून ६४ वजा करील, आणि २५०० चे मूळ काढून पुन्हा ५० वरच येईल.

तेव्हा जवळच्या वाटेला आमची हरकत नाही. जवळची वाट त्यालाच उपयोगी, ज्याला सारा मुलूख ठाऊक आहे. बाकीच्यांना ती चकवाच होय. परीक्षा उत्तरापुरती पाहते. पण मुलांना मुलूख दाखविण्याचे काम शिक्षकांचे आहे, आणि ते कोणत्याही पर्यायांत छापता येत नाही.